चाकाचे वीस फेरे

“कागूद ऱ्हाऊ द्या तिकडं. आधी चाक उचला.”

जुनी गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आमच्या मिस्त्रींचे हे पहिले वाक्य ऐकावे लागे. ते बोलता बोलता त्यांचा उजवा हात कानामागे जाई आणि तिथला खडूचा तुकडा काढी. सुतार जिथे पेन्सिल खोचतो तिथे हा गृहस्थ खडू खोचत असे. पौडहून मुळशीकडे जाताना माले गावाच्या अलीकडे जो फाटा लागतो, त्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. तुमच्यापैकी जे त्या रस्त्याने गेले असतील, त्यांनी जॅकवर तिरकी उभी असलेली एखादी जीप आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय नक्की पाहिले असतील.

त्या पायांच्या मालकाविषयी मी लिहितो आहे, आणि शांतपणे लिहिण्याचा माझा मुळीच विचार नाही. त्यांचे नावही मी लिहिणार नाही. त्याला कारण आहे, ते यथावकाश येईल.

मी न्यायालयात शिरस्तेदार होतो. निवृत्तीनंतर माले गावात राहायला आलो आणि पहिल्याच वर्षी माझ्या ध्यानात आले की या पट्ट्यात पत्राला उत्तर मागणारा मनुष्य कोणी नाही. वीज, रस्ता, मोजणी, एसटीचा थांबा, सर्व विषयांवर मी लिहू लागलो. पत्र टाकायला जाताना वाटेत ती शेड लागे आणि गाडीखालून आवाज येई, “शिरस्तेदार, आज कुनावर?”

“वीज मंडळावर.”

“लई वाईट झालं त्येंचं,” पाय म्हणत.

चहा होई. माझ्या रागाची थट्टा करण्याची मुभा या तालुक्यात त्या एकाच माणसाला होती.

त्यांची खासियत चारही चाकांना जोर देणाऱ्या जुन्या गाड्यांची. अशा गाडीला पुढे एक आणि मागे एक असे दोन डिफरन्शियल असतात. एक्सलच्या मधोमध दिसणारा लोखंडी गोळा तो हाच. इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरला म्हणजे चाक एकदा फिरेल, हे त्या गोळ्यातल्या दातेरी चाकांवर ठरते. पुढचे आणि मागचे हे प्रमाण एकच असावे लागते. नव्या गाडीत ते असतेच. जुन्या गाडीत मात्र कोणी कोणत्या भंगारातला एक्सल आणून बसवला असेल, ते सांगता येत नाही. गोळ्यावर प्रमाणाचा आकडा कोरलेली छोटी पत्र्याची पाटी असते. मिस्त्री तिच्याकडे ढुंकून पाहत नसत.

“पाटी दोन बोल्टवर बसती. काढली, दुसरीकडं लावली. दात तसं लावता येत न्हाईत.”

मग ते एक चाक उचलत, टायरवर खडूने रेघ मारत, दांड्यावर दुसरी रेघ मारत आणि हाताने चाकाचे वीस फेरे घेत. तेवढ्यात दांडा किती वेळा फिरला ते समोरच्याने मोजायचे, तेही मोठ्याने. चाक मिस्त्रींचे, दांडा गाडीवाल्याचा, असा नेम. मध्ये कोणी बोलले, फोन वाजला, आकडा अडखळला, की पुन्हा एकपासून.

हिंजवडीत नोकरी करणारा एक लातूरकडचा तरुण जुनी जीप घेऊन आला होता. इंटरनेटवरून काढलेली सगळी माहिती त्याने फाइलला लावली होती. मिस्त्रींनी फाइल बाजूच्या टायरवर ठेवली आणि त्याला खाली बसवले. बत्तीसला त्याचा फोन वाजला. एकपासून. एकोणीसला त्याने “वन सेकंद हं” म्हटले. पुन्हा एकपासून. तिसऱ्या वेळी त्याने फोन माझ्या हाती दिला आणि शर्ट मातीत मळवून एक्केचाळीसपर्यंत शांतपणे मोजले. दुसऱ्या टोकालाही एक्केचाळीसच भरले, तेव्हा तो लहान मुलासारखा हसला.

“आता गाडी तुमची झाली,” मिस्त्री म्हणाले. “मगाशी निस्ती घेतली व्हती.”

माणच्या एका जमीनदाराने नवी कोरी अवजड गाडी दाखवायला आणली, तेव्हा तिला प्रदक्षिणा घालून ते एवढेच म्हणाले, “पाटील, चारी चाकं ओढत्यात हिची. पर जाणार कुटं? मॉलात?” पाटलांना राग आला नाही. मिस्त्रींवर रागावणे अवघड होते. मला एकदा जमले, आणि तेच मला सांगायचे आहे.

मालेच्या वर डोंगराच्या खांद्यावर एक वाडी आहे. चढ इतका उभा की साधी गाडी पावसाळ्यात अर्ध्यावर थांबते आणि रुग्णवाहिका खालीच उभी राहते. वाडीतल्या घरांनी मिळून चारही चाकांना जोर देणारा एक जुना छोटा ट्रक घ्यायचे ठरवले. सकाळी दुधाचे कॅन खाली, आणि वेळ पडली तर आजारी माणूस खाली. विक्रेता शहराबाहेरचा, जुन्या गाड्यांचे मोठे आवार असलेला. कागद तपासायला त्यांनी मला नेले.

मी कागद तपासले. नोंदणी, विमा, योग्यता प्रमाणपत्र, चेसिसवरचा क्रमांक, सर्व अक्षर न् अक्षर. दोन्ही गोळ्यांवरच्या पाट्यांचे फोटो घेतले आणि दोन्हींवरचा आकडा एकच असल्याची नोंद अहवालात केली. विक्री करारातले लवादाचे कलमही वाचून मान्य केले. मिस्त्रींनी निरोप पाठवला होता, “गाडी आदी हितं आणा. वीस फेरे घिऊ, मग सही करा.” मी निरोप्याला सांगितले की कागद निर्दोष आहेत, फेऱ्यांची आवश्यकता नाही.

हे वाक्य मी उच्चारले. त्याची नोंद इथे राहू दे.

पाऊस लागला. ट्रक दोन महिने चालला. चिखलात चाके घसरत होती तोवर दोष लपून राहिला. मग त्या चढाचा वरचा तुकडा सिमेंटचा झाला. एका सकाळी वाडीतली एक सून बाळंतपणाच्या कळा घेत ट्रकमध्ये झोपली होती, आणि त्या सिमेंटवर उतरताना ट्रकखाली बंदुकीसारखा आवाज झाला. चाके जाम झाली. तिला खाटेवर घालून चार माणसांनी खाली आणले. दोन तासांहून अधिक लागले. बाई वाचली, मूलही वाचले, म्हणूनच मी आज रागावू शकतो.

मिस्त्री वर गेले. पुढच्या आणि मागच्या दांड्याला जोर वाटून देणारी पेटी फुटली होती, ती पाहिली, खडू काढला, चाक उचलले. दांडा मी मोजला. पुढे एक्केचाळीस. मागे एक्केचाळीसला दांडा थांबला नाही. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, आणि वर जवळजवळ अर्धा.

वाडीची माणसे भोवती उभी होती. त्यांना समजेना. मिस्त्री म्हणाले, “काल खाट धरून चौघं उतरलात न्हवं? पुढचं दोघं एका चालीनं आन् मागचं दोघं दुसऱ्याच चालीनं चाललं तर काय व्हईल?”

“खाट मोडंल,” एकजण म्हणाला.

“ही खाटच मोडली.”

मागचा एक्सल दुसऱ्याच गाडीचा होता, आणि जुन्या एक्सलवरची पाटी काढून त्याच्यावर बसवली होती. म्हणजे चूक नव्हे. कोणीतरी पाना हातात घेऊन, दोन बोल्ट पिळून, जाणीवपूर्वक खोटे बसवले होते, आणि मी त्या खोट्याचा फोटो काढून त्याला अहवालाचा दर्जा दिला होता. मिस्त्री आता म्हणतील, ‘मी सांगितलं व्हतं’, म्हणून मी वाट पाहत उभा राहिलो. ते हात पुसत म्हणाले, “शिरस्तेदार, उन्हात हुबं राहू नका.” त्यांनी मला ते वाक्य कधीच ऐकवले नाही. त्याचा मला अजून राग आहे.

मी नोटीस पाठवली. मागणी एकच, की पुढच्या पावसाळ्यापूर्वी जुळणारा एक्सल बसवून द्यावा. उत्तर नाही. दुसरी, तिसरी. मग कराराप्रमाणे लवाद नेमला गेला. दोन्ही बाजूंना मान्य असलेले एक ज्येष्ठ वकील, शहरात दुसऱ्या मजल्यावर कार्यालय. मिस्त्रींनी पेटी तात्पुरती दुरुस्त केली. सपाट रस्त्यावर मागच्या दोन चाकांवर ट्रक चालत होता, तो आम्ही तिथपर्यंत नेला. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून आले. खडू कानामागे होताच.

“शिक्षण?” विक्रेत्याच्या वकिलाने विचारले.

“सातवी.”

“अभियांत्रिकीचे काही प्रमाणपत्र?”

“न्हाई.”

“मग हे प्रमाण आपण कोणत्या उपकरणाने मोजले?”

“खडूनं.”

वकील हसला. त्याच्या हाताखालचे दोघे हसले. लवाद हसले नाहीत, पण त्यांनी थांबवलेही नाही, आणि माझ्या मते तोही एक निर्णय असतो. मिस्त्री उठून उभे राहिले. “साहेब, गाडी खाली हुबी हाय. तुमी या. चाक मी फिरवतो, दांडा तुमी मोजा. मी तोंडातनं सबूद काढनार न्हाई.”

“त्याची आज आवश्यकता नाही,” लवाद म्हणाले आणि पुढची तारीख दिली.

हे वाक्य मी कुठे ऐकले होते, ते तुम्हाला सांगायला नको.

जिना उतरताना मी तावातावाने बोलत सुटलो. मिस्त्रींनी माझी पिशवी हातातून काढून घेतली. “चिडू नका. मानूस दुसऱ्या मजल्यावर असला की त्येला चाक दिसत न्हाई. खाली आला की दिसतं.”

पुढच्या तारखेला नऊ दिवस उरले असताना ते गेले. दुपारी जेवून बाजेवर पडले, ते उठलेच नाहीत. दहाव्याच्या आधी मी घरी गेलो, तेव्हा त्यांची पत्नी अंगणात उभी होती. रडून झालेले होते. तिने मला बसायलाही सांगितले नाही.

“तारीख कवा हाय?”

“परवा.”

“मग जॅक घिऊन जावा. मोजाया लागंल न्हवं?” आत जाऊन तिने खडूचा तुकडाही आणून दिला.

तारखेला वकिलाने पहिलाच अर्ज दिला, की साक्षीदार मृत आहे, त्याची उलटतपासणी अपुरी आहे, सबब त्याचे म्हणणे पूर्णपणे वगळावे. मी कायद्याच्या सेवेत आयुष्य घालवले आहे. तो अर्ज नियमाला धरून होता, हे मला कळत होते, आणि त्यामुळेच त्या क्षणी मला त्या खोलीतले प्रत्येक पुस्तक खिडकीतून फेकावेसे वाटले. मी काहीही फेकले नाही. करारात वस्तूच्या प्रत्यक्ष पाहणीची तरतूद होती, तिचा क्रमांक मी मोठ्याने वाचला आणि खाली गेलो.

ट्रक आम्ही याही तारखेला आणला होता. इमारतीच्या आवारात त्याच्याशेजारी मी गुडघ्यांवर बसलो. वय सत्तरीच्या पुढे, पांढरी विजार. जॅक लावला, मागचे चाक उचलले, रेघा मारल्या. वाडीचा चालक दांडा मोजायला वाकला, तोच वरच्या गॅलरीतून वकील ओरडला, “हरकत! चालक हितसंबंधी आहे!”

“मान्य,” मी खालून म्हणालो आणि एकटाच मोजू लागलो. चाकही मी, दांडाही मी. सातव्या फेऱ्याला चुकलो. एकपासून. वकील पुन्हा काही बोलला. एकपासून. गाडीखालून मला लोकांची पावले दिसू लागली. तिसऱ्यांदा मी ‘एक’ म्हटले, तेव्हा माझ्या शेजारी पॉलिश केलेले काळे बूट येऊन थांबले.

“तुम्ही चाक फिरवा,” लवाद म्हणाले. “दांडा मी मोजतो.”

“मोठ्याने मोजावे लागेल.”

ते पँट वर ओढून उकिडवे बसले. आवारातले सगळे बोलणे थांबले. पाटीवरच्या आकड्याप्रमाणे एक्केचाळीसला संपायला हवे होते. एक्केचाळीसला त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझे चाक अठराव्या फेऱ्यातच होते. मी फिरवत राहिलो. पंचेचाळीस त्यांनी अगदी हळू उच्चारले.

“मोठ्याने,” मी म्हणालो.

“पंचेचाळीस!”

निर्णय वाडीच्या बाजूने झाला. जुळणारा एक्सल पावसाळ्याआधी बसला. आता ट्रक त्या सिमेंटवरून निमूट चढतो. तुम्ही म्हणाल, मग राग कशाचा? आदेशात लिहिले आहे, ‘लवादाने स्वतः केलेल्या पाहणीवरून असे निष्पन्न होते की’. स्वतः! ज्याने ती मोजणी शोधली, जो ती हात जोडून दाखवत होता, ज्याला लोक हसले, त्याचा उल्लेख आदेशात एकदाच आहे: ‘एका साक्षीदाराचे म्हणणे विचारात घेतलेले नाही.’ नाव नाही. आदेशात ते नाव घालून दुरुस्ती करावी, अशी तीन पत्रे मी लवादांना पाठवली आहेत. जोवर ते नाव तिथे येत नाही, तोवर मी ते अन्यत्र कुठेही लिहिणार नाही, इथेही नाही. पहिला मान त्या कागदाचा. कागदाने चूक केली आहे, कागदानेच ती सुधारावी.

चौथे पत्र तयार आहे. उद्या सकाळी ते घेऊन मी फाट्यावरून जाईन. शेडला कुलूप आहे. “शिरस्तेदार, आज कुनावर?” असे कोणी विचारणार नाही. उत्तर मात्र मी देणार आहे, आणि मोठ्याने.