स्टेपनीची नखं

माझे काका गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक आहे, आणि काकांचं सगळं धैर्य त्या ब्रेकवर उभं आहे. समोरून ट्रक येऊ दे, शिकणाऱ्या बाई डोळे मिटून घेऊ देत, काका खिडकीबाहेर बघत म्हणतात, "घाबरू नका मॅडम, ब्रेक माझ्याकडे आहे."

स्वतः मात्र ते स्टिअरिंगला हात लावत नाहीत. बाजारात जायचं तरी गाडी काकू चालवते आणि काका शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत राहतात. घरी सोफ्यावरसुद्धा. टीव्हीत कोणी पळत रस्ता ओलांडला की इकडे काकांचा पाय फरशीवर धप्प.

त्यांच्या मांजरीचं नाव स्टेपनी. गोल, जड, आणि कायम मागच्या बाजूला पडलेली. काकांचा तिच्यावर भारी जीव.

शनिवारी ताईचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, फोन आला. संध्याकाळी बाळाला घेऊन येते म्हणाली. "पण बाबा, स्टेपनीची नखं कापा. नसतील कापली तर तिला गॅरेजमध्ये ठेवायचं. नाहीतर मी दारातूनच परत."

"गॅरेजमध्ये? तिला तिथे झोप नाही लागायची."

"बाबा, ती चालू मिक्सरशेजारी झोपते."

काकांनी फोन ठेवला, नेलकटर काढलं आणि काकूच्या हातात दिलं. स्टेपनी काकूच्या मांडीवर. काका शेजारी.

"आधी नीट बसून घ्या. पाठ टेकवा. आता पंजा धरा. दाबा. हलके, हलके. नख बाहेर आलं? आत गुलाबी दिसतंय तिकडे अजिबात जायचं नाही. फक्त पांढरं टोक. हळू. हळू मॅडम, हळू—"

"मी तुमची बायको आहे."

"हळू!" आणि फरशीवर धप्प.

स्टेपनी काकूच्या बाहीचे धागे ओढत थेट कपाटावर. बिस्किटं दाखवून खाली आणली. पुन्हा पंजा, पुन्हा हळू हळू, पुन्हा धप्प, पुन्हा कपाट. तिसऱ्यांदा काकूने बाहीकडे बघितलं, मग काकांच्या पायाकडे.

"अहो, ती नेलकटरला घाबरत नाहीये. तुमच्या ब्रेकला घाबरतेय. उठा, इकडे बसा."

"मी?"

"मांडी घालून बसा, म्हणजे पाय गुंतलेला राहील. आणि तोंड बंद."

काका दिवाणावर मांडी घालून बसले. लर्निंग लायसन्सवाल्या माणसासारखे, खांदे कानापर्यंत. स्टेपनी पुन्हा बिस्किटांवर खाली आली, त्यांच्या मांडीवर. काकू शेजारी सरकली आणि खिडकीबाहेर बघत हुबेहूब त्यांच्या सुरात म्हणाली, "घाबरू नका सर, ब्रेक माझ्याकडे आहे."

काकांनी पंजा हलकेच दाबला. नख बाहेर आलं. कट. स्टेपनीने जांभई दिली. कट. मग तिने पोट वर केलं आणि घुरघुरायला लागली. मागचे पंजे झाले, पुढचा एक झाला, दुसऱ्याचं एकच नख राहिलं. गंमत म्हणजे काका बोलत नव्हते तेव्हा त्यांचे हात छान चालत होते.

तेवढ्यात बेल वाजली.

"कापली?" ताईने उंबऱ्यावरूनच विचारलं.

"कापली," काकू म्हणाली.

"एक राहिलंय," काका म्हणाले. काकूने त्यांच्याकडे असं बघितलं, की विचारू नका.

"मग गॅरेज," ताई म्हणाली.

"थांब. तू बस. बाळाला घेऊन समोर बस," काका म्हणाले.

ताई बसली, पण बाळाला घट्ट धरून. काकांनी पुढच्या पंज्याचं आतलं, अंगठ्यासारखं नख हळूच बाहेर काढलं. कट. बाळाला तो आवाज आवडला असावा. त्याने पुढे वाकून स्टेपनीचा कान धरला आणि ओढला. स्टेपनीने पंजा उचलला.

फरशीवर धप्प.

काका तर मांडी घालून बसले होते. पाय ताईचा होता.

स्टेपनी दचकली, बाळाच्या उघड्या पोटऱ्यांवरून उडी मारून कपाटावर गेली. ताईने बाळाचे पाय उलटेसुलटे करून तपासले. ओरखडा नाही. बाळ कपाटाकडे बोट दाखवून हसत होतं.

काकांनी नेलकटर मिटलं.

"मॅडम," ते ताईला म्हणाले, "ब्रेक एकदम नाही दाबायचा."