खिंडीवरचं रान

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. ज्या बहिणीला मी साधी सर्दी झाली तरी फोन करते, तिलाही नाही. सात वर्षं झाली, आणि सात वर्षांत यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघालेलं नाही. मग तुम्हालाच का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. तुम्ही उद्या माझ्या दारात चहाला येणार नाही म्हणूनही असेल.

भोरला आमच्या घराच्या मागच्या खोलीत दर रविवारी दुपारी लढाई होते. हसलात ना? हसा. शाळेतल्या माझ्या सहकारी बायकाही हसायच्या. प्लायवूडचे दोन बोर्ड जोडून केलेलं टेबल – त्याला आम्ही पट म्हणतो. थर्माकोल कापून केलेले डोंगर, वखारीतला भुसा हिरव्या रंगात बुडवून केलेलं रान, निळ्या रंगावर वॉर्निश मारून केलेली नदी. आणि त्यावर बोटाच्या पेराएवढे सैनिक, पुण्याहून थ्री-डी प्रिंटरवर काढून आणलेले. सहा सैनिक एका पुठ्ठ्यावर चिकटवले की झाली एक तुकडी. फासे टाकायचे, शिंप्याच्या टेपनं अंतर मोजायचं, तुकडी पुढं सरकवायची. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली तीन माणसं यात इतकी बुडायची की समोरचा चहा गार व्हायचा.

इंग्रजी पुस्तकातले नियम आमच्या डोंगरात चालत नाहीत हे पहिल्या दोन रविवारांतच कळलं. तिकडची रानं सपाट असावीत. मग घरचे नियम सुरू झाले. घाटात घोडा अर्धाच चालणार. फाश्यावर सहा पडले की धुकं, आणि धुक्यात वीतभर अंतरापलीकडं कुणाला काही दिसणार नाही. इतिहासातली नावाजलेली लढाई पटावर आणायचीच नाही – कारण पहिल्याच वेळी शत्रू कोण होणार यावरून तासभर भांडण झालं आणि शेवटी कुणीच खेळलं नाही. म्हणून सगळ्या लढाया न झालेल्या, आणि कोण कुणाकडून ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.

ती तीन माणसं म्हणजे माझा नवरा विलास, कापूरहोळच्या एका गॅरेजमध्ये फिटर असलेला गौतम, आणि सदाअण्णा. अण्णांचं विंझरला किराणा दुकान, मागं थोडी भातशेती. दर रविवारी मोटारसायकल मारत भोरला यायचे. वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून नियमांची वही त्यांच्याकडं. त्यांनी मान डोलावली की नियम झाला.

आणि मी? मी चित्रकलेची शिक्षिका. सैनिक रंगवायची.

चारशे बारा सैनिक. मोजले आहेत मी. सगळ्यात बारीक ब्रशनं, भिंगाखाली. मावळ्यांना गणवेश नसतो, म्हणून एकाचं पागोटं दुसऱ्यासारखं नको – हे मीच ठरवलं आणि मीच निभावलं. दीड वर्ष डोळे फोडले. रंगवता रंगवता खेळ कळत गेला. कोण कुठं चुकतंय ते मला कपाटापाशी उभं राहून दिसायचं. विलास घोडे फार लवकर पुढं काढायचा. गौतमला नदी ओलांडायची भीती वाटायची. आणि अण्णांचं रान – ते रानात तुकडी लपवायचे, पण पटावर लपवणार कशी? सगळ्यांना दिसतेच की. मग ते म्हणायचे, "हितं माजी मानसं हायेत असं समजा," आणि भांडणं व्हायची. आधी का नाही सांगितलं म्हणून.

उपाय मी काढला. खेळ सुरू व्हायच्या आधी जागा चिठ्ठीवर लिहायची, घडी घालून डबीत टाकायची, डबी पंचाकडं. छापा घालायची वेळ आली की पंचानं डबी उघडून मोठ्यानं वाचायचं. साधी गोष्ट. मी अण्णांना चहा देताना सांगितली. ते म्हणाले, "वहिनी, ह्ये शाळंतल्या पोरांचं झालं."

तीन रविवारांनी अण्णांनी वही काढली आणि नवा नियम वाचला. चिठ्ठी. डबी. पंच. शब्दाला शब्द. वर स्वतःची भर – ज्याची चिठ्ठी जुळणार नाही त्यानं उठायचं, परत पटावर बसायचं नाही. म्हणजे नियम माझा, शिक्षा त्यांची, आणि वहीत नाव? ‘सदाअण्णांचा नियम’. विलासनं टाळी दिली. मी म्हणाले, मलाही एकदा खेळायचं आहे. तेव्हा अण्णा हसून म्हणाले, "वहिनी, तुमी रंग द्या. लडाई आमची."

सगळे हसले. माझा नवराही. मग मोठेपणानं त्यांनी मला पंच केलं. डबी सांभाळायला. आणि वही फाटत आली होती, म्हणून सगळे नियम नव्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायचं कामही माझ्याकडं आलं. मी ते केलं. ‘सदाअण्णांचा नियम’ हे शब्द मी माझ्या हातानं लिहिले.

अपमान लहानच होता, नाही का? कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. पण तो माझ्या जिव्हारी लागला, आणि मी तो पोटात ठेवला. कुरवाळला म्हणा हवं तर. वर्गात मुलांची चित्रं तपासताना मी अण्णांचं नाक कसं ठेचायचं याचा विचार करत असे. वही उतरवताना त्यांचं अक्षर माझ्या हातात बसलं होतं – र ला लांब शेपटी, शब्द संपला की वरची रेघ उगाच पुढं ओढलेली. कधीकधी रफ कागदावर मी ते नुसतंच गिरवून बघायची. कशासाठी? तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणायचा मोह होतोय. पण माहीत होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी पुण्याहून तिघं जण आले. असाच खेळ खेळणारे, कॅमेरा घेऊन. अण्णांनी नवा सदरा घातला होता. सकाळपासून पाहुण्यांना नियम समजावून देत होते, आणि माझा नियम तर दोनदा. मी पोहे करत होते. आतून सगळं ऐकू येत होतं.

चिठ्ठ्या पडल्या. अण्णा मावळ्यांकडून, गौतम शत्रूकडून. अण्णांनी जागा लिहिली, घडी घातली, सगळ्यांदेखत डबीत टाकली. मी डबी घेऊन चहा ठेवायला आत गेले.

चिठ्ठीवर होतं – खिंडीवरचं रान. मी तसाच कागद फाडला, तसंच निळं पेन घेतलं आणि लिहिलं – ओढ्याकाठचं रान. र ला लांब शेपटी. रेघ पुढं ओढलेली. त्यांची चिठ्ठी गॅसच्या जाळावर धरली. हात कापले का? नाही. चारशे बारा सैनिकांचे डोळे काढलेला हात आहे तो. चहात साखरही बरोबर पडली.

खेळ रंगला. गौतमची माणसं खिंडीत शिरली, अगदी अण्णांना हवी तशी. अण्णा उठून उभे राहिले. पाहुण्यांकडं बघून म्हणाले, "आता बगा." आणि खिंडीवरच्या रानावर बोट ठेवलं. मी डबी उघडली. मोठ्यानं वाचलं.

गौतम पुटपुटला, "असंल कायतरी गडबड, सोडा की." विलासही म्हणाला, सोडा. अण्णांनी हात पुढं केला. मी चिठ्ठी दिली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, उलटून पाहिली, परत वाचली.

"म्या खिंडीवरचं लिवलं व्हतं," ते म्हणाले. मग, "पन अक्षर तर माजंच हाय."

मला काय हवं होतं माहीत आहे? त्यांनी आरडाओरडा करावा. खोटं ठरावं, खोटं बोलावं, पाहुण्यांसमोर शोभा व्हावी. मी त्याची वाट बघत होते. पण त्यांनी तसं काहीच केलं नाही. चिठ्ठी नीट घडी घालून पटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाले, "नियम म्हंजे नियम. म्या उटतो." पाहुण्यांपैकी एक जण तर भारावूनच गेला. काय सचोटी म्हणाला. बघा – मी त्यांना खोटं पाडायला निघाले, तर त्यातूनही यांनी मोठेपणा काढला! माझ्या डोक्यात राख गेली.

आता जे सांगते तेच खरं सांगायचं होतं. चिठ्ठीपर्यंत मी कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. गंमत म्हणून, लांबून. पण हे नाही.

अण्णांचे वडील शेवटच्या वर्षांत सगळं विसरले होते. स्वतःच्या शेतातून घरी यायची वाट विसरायचे. एकदा दोन दिवस सापडले नव्हते. अण्णांना त्याची किती धास्ती होती ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. किल्ली कुठं ठेवली ते आठवलं नाही तरी त्यांचा चेहरा उतरायचा. चपला घालताना ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडंच. डबी माझ्याकडं होती, मी सांगितलं ते खरं. त्या नजरेत एवढाच प्रश्न होता – मी लिहिलं होतं ना बरोबर?

आणि मी, अगदी मायेनं, म्हणाले, "होतं असं, अण्णा. वयानुसार विसरायला होतं."

ते वाक्य आधी ठरवलेलं नव्हतं. पण ओठांवर येताना ते कुठं लागणार हे मला पक्कं कळलं होतं, आणि म्हणूनच मी ते बोलले. त्यांचा चेहरा बघून मला काय वाटलं? बरं वाटलं. त्या अपमानानंतर पहिल्यांदा पोट भरल्यासारखं वाटलं. त्या रात्री मला छान झोप लागली.

पुढं कानावर येत गेलं. अण्णांनी दुकानातल्या डब्यांवर नावं चिकटवली. मग मोटारसायकल सोडली – वाटेत रस्ता विसरलो तर? मग गल्ला मुलाकडं दिला. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसेना. मुलगा म्हणायचा, बाबा ठणठणीत आहेत, नुसती भीती घेतलीय. साठी नुकती उलटलेला माणूस अंगणात खुर्ची टाकून बसायला लागला. विलासला वाईट वाटायचं. मला? मला प्रत्येक बातमी ऐकताना आधी गोड वाटायचं आणि मग भीती वाटायची. आधी गोडच. एक खुर्ची रिकामी झाली म्हणून मला पटावर बसवलं, आणि मी चांगली खेळते. फार चांगली खेळते.

गेल्या महिन्यात विलासनं आग्रह केला, अण्णांना एकदा भेटून ये, तुझी आठवण काढतात. तो यायचा होता, पण त्याचं काम निघालं. मी एकटीच कापूरहोळला गाडी बदलून विंझरला गेले. अण्णा खुर्चीतून उठले. वहिनी आल्या म्हणून सुनेला दोनदा चहा सांगितला, आणि दुसऱ्यांदा सांगितल्यावर कसनुसे झाले. मग आत जाऊन जुनी फाटकी वही घेऊन आले.

"ह्यो चिठ्ठीचा नियम," ते म्हणाले, "लई दिस मनात घोळतंय. ह्यो माजा का तुमचा, वहिनी? मला खरंच आटवंना. तुमाला सगळं आटवतं."

मी म्हणाले, "माझा."

त्यांनी लगेच पेन मागवलं. आपलं नाव खोडलं, माझं घातलं. एकदाही विचारलं नाही, कशावरून? मी आकाशातली चांदणीही माझीच आहे म्हणाले असते तर त्यांनी तेही लिहून घेतलं असतं. जे माझं होतं ते मला मिळालं, लेखी, त्यांच्या अक्षरात.

"त्या दिशी सगळी मला सांबाळून घेत व्हती," अण्णा म्हणाले. "सोडा सोडा म्हनत व्हती. तुमी एकट्यांनीच तोंडावर खरं सांगितलं. उपकार हायेत." मग वही मिटून त्यांनी मांडीवर ठेवली, आणि थोडं पुढं वाकून, सुनेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "आनि काय इसरलोय का म्या? तुमाला ठावं असंल तर सांगा. म्या वाईट वाटून घेनार न्हाई."

इतकी सरळ संधी देव रोज देत नाही. दार उघडं होतं. सून आत होती. माणूस हात पुढं करून मागत होता, आणि त्याला परत द्यायला माझ्याकडं त्याचं अख्खं डोकं होतं.

"नाही अण्णा," मी म्हणाले. "बाकी काही नाही."

त्यांनी मान डोलावली. मी चहा संपवला आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठले.