डबीतला भंडारा

नानासो खोटं बोलायचा तेव्हा त्याचा आवाज खाली यायचा. एरवी माणूस मोठ्या घशाचा. बायकोशी बोलणं, एसटीच्या कंडक्टरशी भांडण, बांधावरून भावाला मारलेली हाक, सगळं एकाच पट्टीत. पण गिऱ्हाइकाच्या ओसरीवर बसला की तो पुढे वाकायचा, मिशीवरून बोट फिरवायचा आणि इतकं हळू बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही गोष्ट हा फक्त मलाच सांगतोय. सांगलीत विश्रामबागेच्या ऑफिसात या हळू आवाजाला फार मान होता.

गाव त्याचं रहिमतपूरजवळ. सतरा वर्षं फौजेत काढली, त्यातली चौदा राशनच्या गोदामात, डाळीच्या आणि तांदळाच्या पोत्यांमागे. हवालदार होऊन पेन्शनीवर आला तेव्हा गावात त्याच्यासारखे पेन्शनर आळीला चार होते. बाकीचे बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले. याला दारात उभं राहायचं नव्हतं, आत बोलावलं पाहिजे होतं. अशा माणसाला राजवर्धननं बरोबर हेरलं.

राजवर्धन म्हणजे कंपनीचा मालक. वय तीस, शर्ट पांढरा, जीभ साखरेची. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण दर दोन वर्षांनी पाटी बदलायची. माणसं तीच आणि गादी तीच. चुंबकाची गादी. गुडघे, कंबर, दमा, साखर, झोप न लागणं, मूल न होणं, या सगळ्यावर एकच इलाज, गादीवर आडवं व्हायचं. "फौजी," राजवर्धन म्हणाला, "लोक डॉक्टरला घाबरतात आणि पुढाऱ्याला हसतात. विश्वास राहिलाय तो तुमच्या टोपीवर. ती टोपी घालून फिरा, बाकी आम्ही शिकवतो."

आणि शिकवलं. गिऱ्हाइकाला हात आडवा धरायला लावायचा आणि मनगटावर दाब द्यायचा. हात खाली येतो. मग त्याला गादीवर उभं करायचं आणि पुन्हा दाबायचं, पण या वेळी मनगट सोडून कोपराजवळ. हात हलत नाही. "बघा, ताकद!" म्हणायचं. इतकी साधी लबाडी, शाळेतल्या पोरानंही पकडावी. पण टोपीवाल्या माणसानं केली की कुणी पकडत नाही. त्यावर नानासोनं स्वतःची भर घातली. बर्फात ड्युटी करून आपले गुडघे गेले होते, मांडी घालून जेवता येत नव्हतं, या गादीनं आपल्याला उभं केलं, असं तो सांगायचा. बर्फ त्यानं पाहिला होता तो रहिमतपूरच्या बाजारात, उसाच्या रसाच्या गाड्यावर. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात. नानासोच्या गाद्या खपल्या.

बायको मंगल सुरुवातीला विचारायची, "आवं, खरंच गुण येतो का वो?" तो म्हणायचा, "कुणाचं वाईट तर हुत न्हाई ना?" हे वाक्य त्यानं स्वतःलाच इतक्यांदा विकलं होतं, की त्याचं पहिलं गिऱ्हाईक तोच म्हणायला हवा.

मग आटपाडीच्या पुढच्या माळावर बिराप्पा भेटला.

बिराप्पा धनगर. साठीचा, काठीसारखा वाळलेला, डोक्याला लाल पटका. मेंढरं अजून होती, थोडी डाळिंबं लावली होती. बायको धोंडुबाई. तिला साखर होती, तळपायाला बधिरपणा आला होता, तालुक्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या आणि ती नेमानं घेत होती. नानासोनं हात दाबून दाखवला, बर्फ सांगितला, आणि कंपनीनं पढवलेलं शेवटचं वाक्य टाकलं. गादी आणि गोळ्या एका अंगात नांदत नाहीत. गोळ्या बंद केल्या तरच गुण. हे वाक्य कशासाठी होतं, ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. गुण आला नाही तर म्हणायला मोकळं, तुम्ही चोरून गोळी खाल्ली असणार.

बिराप्पानं सगळं शांतपणे ऐकलं. मग कमरेची पिवळी थैली सोडली, तळहातावर भंडारा काढला आणि पुढे केला.

"फौजी, समदं पटलं. आता येवढा उचला आनि म्हना, की गादीनं हिचं पाय बरं हुत्यात."

वस्तीवरची पंधरावीस माणसं गोळा झाली होती. त्यांच्यात कोर्टकचेरी नाही. बांधाचं भांडण असो, मेंढराची चोरी असो, देवाचा भंडारा उचलून माणूस बोलला की विषय संपला. खोटं बोलून भंडारा उचलणारा माणूस असतो, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. म्हणून तर त्यांना एवढं पुरत होतं.

नानासोला क्षणभर वाटलं, उठावं, गादी गुंडाळावी, तहान लागली म्हणून निघून जावं. पण पंधरावीस माणसं टोपीकडे बघत होती. त्यानं चिमूट उचलली, कपाळाला लावली आणि आपल्या त्या हळू आवाजात म्हणाला, "हुत्यात."

आभाळ फाटलं नाही. उलट धोंडुबाईनं त्याला शेळीच्या दुधाचा चहा दिला. बिराप्पानं सात मेंढरं विकून गादी घेतली, आणि त्या भंडाऱ्याच्या जोरावर वस्तीत आणखी आठ गाद्या गेल्या.

ही हकिगत ऐकून राजवर्धन खुर्चीतून उठला. सोमवारच्या मीटिंगला त्यानं नानासोला हार घातला. पुढच्या आठवड्यात प्रत्येक सेल्समनच्या पिशवीत प्लॅस्टिकची एक छोटी डबी आली. आत हळद आणि डाळीचं पीठ, झाकणावर कंपनीचं स्टिकर. माणदेशात जायचं तर डबी, वारकऱ्याच्या घरी जायचं तर तुळशीचं पान. "आणि काहीच चाललं नाही," राजवर्धन म्हणाला, "तर पोरांची शपथ घ्या. आई-बापाला ती लगेच पटते."

नानासो उभा राहिला. "ते मला जमायचं न्हाई," तो मोठ्यानं म्हणाला. "माझ्या अंकिताचं नाव मधी आनायचं न्हाई."

सगळे हसले. राजवर्धनही हसला. देव चालतो, लेक चालत नाही! नानासोला मात्र त्या दिवशी आपण फार तत्त्वाचे आहोत असं वाटलं. घरी येऊन त्यानं मंगलला हे अभिमानानं सांगितलं. ती भाकरी उलटत राहिली. काय बोलणार? अंकिता विश्रामबागेतच कॉलेजात होती, तिथेच खोली घेऊन राहत होती, आणि त्या खोलीचं भाडं कुठून येतं ते आईला माहीत होतं. देवाला मधे घालून लेक शिकवायची आणि लेकीला मधे न घातल्याची फुशारकी मारायची, याला काय म्हणायचं ते वाचकानं म्हणावं. मला शिवी सुचते.

चौदा महिन्यांनी, अंकिता सुट्टीला घरी असताना, दुपारी दारात लाल पटका उभा राहिला.

बिराप्पा दोन एसट्या बदलून, नानासोनं गादीबरोबर दिलेल्या कार्डावरच्या पत्त्यावर आला होता. नानासोला वाटलं, आता हा गळा धरणार, गाव गोळा करणार. पण बिराप्पानं काठी भिंतीला लावली, काखेतलं काळं घोंगडं खाली ठेवलं आणि दोन्ही हात जोडले.

"फौजी, माफी मागाया आलोय."

नानासोला कळेना. मग बिराप्पानं सांगितलं. धोंडुबाईनं त्याच दिवसापासून गोळ्या सोडल्या होत्या. एकही खाल्ली नाही, बाई शब्दाची पक्की. पावसाळ्यात अंगठ्याला जखम झाली, ती भरली नाही, पाय काळा पडला. मिरजेला न्यावं लागलं. डावा पाय गुडघ्याखालून काढला.

"चूक माझी हाय," बिराप्पा म्हणाला. "तुमी भंडारा उचलून गेला आनि मी चारच दिवसांनी तिला म्हनलं, गोळ्या ठिवू का जवळ, न जानो. माझ्या मनात किंतु आला. देवाला ते आवडलं नसंल. न्हाईतर उचललेला भंडारा वाया कसा जाईल?" त्यानं घोंगडं पुढे सरकवलं. "हिच्याच हातचं सूत हाय. ठिवून घ्या. आता उजव्या पायाचं बोट काळं दिसाय लागलंय. डाक्टर म्हनतोय, गोळ्या आनि सुई आजपासून सुरू करा, न्हाईतर ह्योबी जाईल. ती म्हनती, फौजीला इच्यारल्याबिगर न्हाई. म्हनून आलोय. तुमी सांगाल तसं."

आतल्या दाराशी अंकिता पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मंगल तिच्या मागे होती.

नानासोच्या आयुष्यात सोपी गोष्ट सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्यानं ती सांगितली, आणि सांगताना आवाज आपोआप चढला.

"मामा, आत्ताच्या आत्ता गोळ्या सुरू करा! सुई घ्या! गादीत काय न्हाई, लोखंडाचं तुकडं हायती नुसतं! मी खोटं बोललो, मला बर्फबी ठावं न्हाई. ऐकताय न्हवं? खोटं बोललो मी!"

बिराप्पा दचकून मागे सरला. समोरचा लाल चेहरा त्यानं बघितला. त्याला आठवत होता तो माणूस हळू बोलणारा होता.

"असं वरडून कोन खरं सांगतं व्हय?" तो म्हणाला. "बरं, भंडारा उचलून म्हना."

नानासो धावत आत गेला, खुंटीवरची पिशवी काढली, डबी उघडली आणि मूठभर उचलून कपाळाला फासली. "आन घिऊन सांगतो, गादी खोटी हाय!"

बिराप्पानं डबी हातात घेतली. झाकणावरचं स्टिकर वाचता येत नव्हतं, पण गादीवरही तेच चित्र होतं, ते त्यानं ओळखलं. चिमूट नाकाला लावली, जिभेवर ठेवली. डाळीचं पीठ.

"ह्यो देवाचा न्हाई."

"मग तुमचा द्या! थैली सोडा, त्यातला उचलतो!"

बिराप्पानं कमरेवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "तवा तुमी ह्याच थैलीतला उचलला, देवाच्या म्होरं. येकाच भंडाऱ्यावर दोन गोष्टी बोलल्या तर त्यातली येक खोटी ठरती, आनि पाप मला लागतं. तवाचं देवाच्या भंडाऱ्यावर हाय, आत्ताचं कंपनीच्या. मी कशाला मानू, तुमीच सांगा."

त्या माणसाचं काही चुकत नव्हतं. नानासोनंच भंडारा उचलून त्याला ते पहिलं पटवलं होतं. आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती त्यानं आजवर जपून ठेवली होती. तो वळला. "अंकिता, हिकडं ये. बस म्होरं. मामा, लेकीच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो. मग तर पटंल?"

अंकिता पुढे आली. त्यानं हात उचलला. पण ती बापाच्या हाताकडे बघत होती, पिठानं पिवळ्या झालेल्या बोटांकडे. हात टेकायच्या आधी ती बाजूला झाली. ठरवून नाही, अंगावर काहीतरी पडतंय म्हणून माणूस सरकतं तशी.

"नको बाबा," ती म्हणाली.

तिला नको होता तो तसल्या पिठानं माखलेला हात. पण बिराप्पानं बघितलं ते एवढंच, की बाप शपथ घ्यायला निघाला आणि लेकीनं डोकं काढून घेतलं. त्यानं मान हलवली, काठी घेतली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट कोडं सुटल्याची कळा होती. उंबऱ्यापर्यंत जाऊन तो परत जवळ आला आणि दुसऱ्याची लाज झाकावी तसं हळू विचारलं,

"फौजी, आता त्या डाक्टरानं तुमाला गोळ्या इकायला ठिवलंय व्हय?"

"न्हाई वो मामा!"

"आसंना. पोट हाय प्रत्येकाला. पर आमी तुमच्या पयल्याच शब्दावर ऱ्हातो."

तो निघाला. अंकिता चपला न घालताच त्याच्या मागे पळाली, "आजोबा, थांबा, मी डॉक्टरांशी बोलते, मी येते तुमच्याबरोबर," असं म्हणत फाट्यापर्यंत गेली. बिराप्पा थांबला. तिचं सगळं ऐकून घेतलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि "बापाला जप गं बाई," म्हणून एसटीत चढला.

मंगलनं घोंगडं उचलून नानासोच्या पुढ्यात ठेवलं आणि ती आत गेली. त्यावर बसायची त्याची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी तो पहाटेच आटपाडीला गेला, राजवर्धनला न सांगता, टोपी न घालता. वस्तीवर धोंडुबाई गादीवरच बसली होती, उजवा पाय उशीवर घेऊन. टोपीशिवाय तिनं त्याला ओळखलं नाही. ओळखल्यावर तिला फार आनंद झाला. तिनं बसल्या जागेवरून सुनेला हाक मारली आणि फौजींसाठी चहा टाकायला सांगितला.