प्लास्टिकमधला कागद

आमच्या गल्लीतल्या शिंप्याचे डोळे अधू होतायत हे सगळ्यांत आधी माझ्या ब्लाउजला कळलं. एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब. फणकाऱ्याने परत न्यायला गेले, तर शिंपीदादा दोरा ओवत बसलेला आणि दोरा सुईच्या शेजारच्या हवेत शिरत होता.

तीन वर्षांपूर्वी तो जीव वाचवून आपल्या देशातून इथे आला. बायको आणि मुलगी मागेच राहिल्या. आश्रयाच्या अर्जाचा निकाल अजून लागायचाय. तोवर त्याच्याजवळ एकच कागद, तो 'अर्जदार' असल्याचा. तोही मिळायला दोन वर्षं गेली. त्यावर सरकारी उपचार फुकट. म्हणजे म्हणायला. जिन्याखालच्या खोलीत एक मशीन, एक खाट, एक ताट. दुसरं ताट घे म्हटलं तर म्हणायचा, "जेवायला कोण येणारे, मावशी?"

मी त्याला दंडाला धरून चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदाराने तपासलं आणि चष्मा विकायचं नावच काढलं नाही.

"काचबिंदू आहे. उजवा जवळजवळ गेलाच. डाव्याचं ऑपरेशन महिन्याभरात झालं नाही, तर तोही जाईल."

मोठ्या हॉस्पिटलात तो एकटाच गेला. नोंदणीच्या खिडकीवरून परत आला. पुन्हा गेला, पुन्हा परत. तिसऱ्यांदा परत आल्यावर मी खोदून विचारलं, तेव्हा त्याने मान खाली घालून कागद पुढे केला. जाड, चकचकीत प्लास्टिकमध्ये बंद. लॅमिनेट केलेला!

"अरे, हे काय करून बसलास?"

"नदी ओलांडताना सगळे कागद भिजले, मावशी. लग्नाचा, मुलीच्या जन्माचा. नुसता लगदा झाला. हा मिळाला, तसा त्याच दिवशी दुकानात नेला."

त्या कागदाच्या पाठीवर दर वर्षी मुदतवाढीचा शिक्का मारतात. प्लास्टिकवर शाई टिकत नाही. शिक्का मारला आणि त्याच्या खिशातच पुसला गेला. नवा कागद मिळायला चार महिने. डोळ्याला होते दहा-बारा दिवस.

चौथ्या खेपेला मी सोबत गेले.

"शिक्का दिसत नाही," खिडकीतली बाई म्हणाली.

"समोर माणूस दिसतोय ना?"

"माणसावर शिक्का नसतो, आजी. पुढचा या!"

मी काही हलले नाही. रांग कुरकुरायला लागली, तशी आतल्या टेबलावरची समाजसेविका उठून आली. तिने कागदावरचा नंबर वाचला, आश्रयाच्या कचेरीला फोन लावला आणि विचारलं, मुदत चालू आहे का? होती. चार मिनिटं लागली. ह्या चार मिनिटांसाठी एकोणीस दिवस हेलपाटे! मी तिला म्हटलं, आता हे लिहून खिडकीवर चिकटव, त्याशिवाय मी जात नाही. 'शिक्का नसल्यास फोनवर खात्री करावी. रुग्णाला परत पाठवू नये.' तो कागद अजून तिथे आहे. खिडकीतली बाई तोंड वाकडं करत का होईना, फोन फिरवते. त्यानंतर शिक्क्यापायी कुणी परत गेलेलं नाही.

ऑपरेशन झालं. डावा वाचला. उजवा गेला तो गेलाच. महिना-दोन महिने आधी तपासला असता तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं.

चार दिवसांनी बघायला गेले. मशीनवर चादर टाकलेली. शिंपीदादा जमिनीवर उताणा पडून डोळ्यात औषध घालत होता. थेंब गालावरून ओघळून मानेखाली गेला.

"नीट जातंय का रे?"

"अर्धं डोळ्यात, अर्धं कानात. कानाला आता लांबचं दिसायला लागलंय."

मी हसले. मग म्हटलं, "उद्यापासून मी येऊन घालते."

"दिवसातून सहा वेळा, मावशी. दीड महिना."

मी मनात हिशेब केला. माझे गुडघे, माझ्या घराचा जिना. सहा वेळा म्हणजे घरचंच माणूस लागतं. त्याने बाटली चाचपून उचलली आणि पुन्हा नेम धरला.