ईरप्पाच्या कानांची चौकशी

१९३०च्या आसपास सोलापुरातल्या एका गिरणीत ईरप्पा विणकर होता. लहानपणी तापात त्याचे कान गेले आणि त्यांच्यापाठोपाठ बोलणंही गेलं. दुसऱ्या एखाद्या धंद्यात याची अडचण झाली असती. पण साळखात्यात, म्हणजे जिथं कापड विणलं जाई तिथं, पाचशे माग एकदम धडधडत. शेजाऱ्याशी बोलायचं तर ओठ आणि हात हलवायचे. जो ओरडे तो नवा, हे सगळे ओळखत. ही भाषा शिकायला इतरांना वर्ष लागे. ईरप्पा ती घेऊनच आला होता.

"खात्यात सगळ्यात बडबड्या आमचा ईरप्पा," शेजारच्या मागावरचा चनबसप्पा सांगे. "जॉबरची नक्कल असली करतो, तो मुकादम पण बगत उभा ऱ्हातो."

सुट्टीच्या दिवशी चाळीतली पोरं त्याच्या ओट्यावर जमत आणि तो गोष्टी सांगे. राजकन्येला त्याला एक करंगळी पुरे, राक्षसाला दोन्ही हात लागत, म्हैस मात्र तो अख्ख्या अंगानं करी. पोरं कानडी, तेलुगू, मराठी आणि दखनी अशा चार भाषांतून भांडत. गोष्ट मात्र एकत्र बसून, तोंड मिटून पाहत. त्या दोन तासांबद्दल चाळीतल्या बायका ईरप्पाला मनापासून मानत.

एकदा तिथून वेणीमाधव मास्तर चालले होते. मास्तर मुलांच्या मासिकात गोष्टी लिहीत. त्यांच्या गोष्टींत आंधळ्याला डोळे आणि लंगड्याला पाय मिळत. शेवटच्या पानावर, न चुकता. ईरप्पाला पाहून त्यांना गहिवरून आलं. आठ दिवसांत 'अभागी विणकर' तयार झाली आणि त्यांनी ती ओट्यावर येऊन पोरांना वाचून दाखवली. शेवटी सिद्धेश्वराच्या कृपेनं विणकराला ऐकू येऊ लागतं.

नऊ वर्षांची दुर्गा म्हणाली, "मंग त्यो गोष्टी सांगायचं सोडला का?"

"अगं, आता त्याला ऐकू येतं, बोलता येतं!"

"म्हंजे आमच्या आईगत वरडनार की."

मास्तर दुखावले नाहीत. चांगल्या कामात असं व्हायचंच, असं समजून त्यांनी गिरणीच्या मॅनेजरसाहेबांना अभिनंदनाचं पत्र धाडलं: 'एका मूकबधिर अभाग्यास आश्रय देऊन आपण जे औदार्य दाखविले आहे...' अकरा वर्षं आपण औदार्य दाखवतो आहोत, हे साहेबांना त्या पत्रातून कळलं. ते घाबरले. आग लागली आणि याला घंटा ऐकू आली नाही तर? हुकूम निघाला: ज्यास ऐकू येत नाही, त्यास येत्या महिन्यापासून कमी करावे.

चनबसप्पानं तो हातांनी ईरप्पाला सांगितला. घरी म्हातारी आई शरणम्मा, बायको, दोन मुलं. आणि गिरणी सुटल्यावर, जिथं माणसं तोंडानं बोलतात तिथं, त्याला कोण ठेवून घेणार?

चनबसप्पा साहेबांपुढं, खात्यातल्या सवयीनं त्यांच्या ओठांकडं बघत, उभा राहिला.

"तो बहिरा आहे, हे तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच ठावं हाय, सायेब. पर तितं ऐकायचं काय हाय?"

"आगीची घंटा!"

"ती मागं एकदा वाजली म्हंत्यात. आमाला धूर दिसला."

"नियम तो नियम."

"मंग सगळ्यांचं कान बगा की. त्या एकट्याचंच का?"

नियम सर्वांना सारखा असावा, हे साहेबांना पटलं. दुसऱ्या दिवशी जुन्या विणकरांना एकेक करून आवारात भिंतीकडं तोंड करून उभं केलं. कारकुनानं दहा पावलांवरून नाव पुकारायचं. जो वळेल तो पास.

ईरप्पा वळला नाही. हे अपेक्षितच होतं. पण त्याच्या मागचा वळला नाही, त्याच्या मागचाही नाही. कारकुनाचा आवाज चढत गेला, तसा रस्त्यावरचा भाजीवाला दोनदा आत डोकावून गेला. चनबसप्पा तर भिंतीकडं बघत इतका वेळ उभा राहिला, की शेवटी त्याला खांद्याला धरून फिरवावं लागलं.

"हां, मारा हाक," तो म्हणाला.

"पाच वेळा मारली!"

"काय?"

शेहेचाळीसपैकी एकतीस जण नापास झाले, आणि ते गिरणीतले उत्तम एकतीस होते. वीस-वीस वर्षं मागाशेजारी उभं राहून कान कोण शाबूत ठेवणार? दिवाळीचा माल तर मागांवर चढलेला. साहेबांनी बराच वेळ विचार करून हुकमावर शेरा मारला: 'साळखात्याच्या कामास श्रवण आवश्यक नाही.' घंटेशेजारी लाल दिवा बसवण्यात आला. ईरप्पा आपल्या मागावर परतला.

चनबसप्पा मात्र दिवसभर आवारात खुळ्यासारखा बसून होता. मित्रासाठी भांडायला गेलेल्या माणसाला आपलेच कान गेल्याची बातमी मिळाली होती. ईरप्पानं त्याला समोर बसवलं, त्याच्या कानाला हात लावला, स्वतःच्या कानाला लावला, आणि सावकाश, नवशिक्याला सांगावं तसं, हातांनी सांगितलं: पहिली चाळीस वर्षं जड जातात.

चनबसप्पा इतक्या मोठ्यानं हसला, की कारकून दचकून बाहेर आला.