गोवळकोंड्याची टाळी

परवा भाचीनं, म्हणजे अक्काच्या मुलीनं, हैदराबादहून व्हिडिओ पाठवला. गोवळकोंड्याच्या दरवाज्यात घुमटाखाली उभी राहून ती टाळी वाजवते आणि पार वर गडावर ती ऐकू येते. मी फोन पालथा ठेवला.

अक्काचं नवं लग्न झालं होतं. दाजी तिला, आईला नि मला मुखेडहून शहर दाखवायला घेऊन गेले. चारमिनारपाशी अक्कानं बांगड्या भरल्या. आमच्याकडं कासार हात धरूनच भरतो, तसा तिनं दुकानदारापुढं हात केला. दाजींचा चेहरा तेव्हाच बदलला. गोवळकोंड्याला ते आईला म्हणाले, "तुम्ही दोघी वर जा. आम्ही खालून टाळी वाजवतो."

दगड तापले होते. वर पोचलो, तोच टाळी आली. कोरडी, अगदी कानाजवळ. मी खूश होऊन उलट टाळी वाजवली. मग लागोपाठ येतच राहिल्या.

"किती वाजवून राहिलेत गं जावई," आई हसली आणि तीही वाजवायला लागली.

खाली आलो तर अक्का भिंतीला टेकून बसली होती. ओठ फुटला होता, मनगटात काचा रुतून रक्त निघत होतं. दाजी सिगारेट ओढत होते.

"वर आवाज आला का?" अक्कानं विचारलं.

"न्हाई बाई," आई म्हणाली. "काईच न्हाई आला."

काल भाचीचा दुसरा व्हिडिओ आला. त्यात तिची मैत्रीण गडावरून टाळी वाजवते आणि खाली घुमटात ती तितकीच स्पष्ट ऐकू येते.

अक्कानं आमच्या टाळ्यांचा विषय आजवर काढलेला नाही.