गवत उपटून घेतलेली जमीन

लिबोरिओ भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. टेक्सासवर मेक्सिकोचं राज्य होतं तेव्हा त्यांना सिबोलो ओढ्याकाठची जमीन मिळाली. गावच्या प्रमुखाने त्यांचा हात धरून त्यांना शिवेवरून फिरवलं. भावोजींनी गवत उपटलं, चारी दिशांना दगड फेकले. सगळे म्हणाले, "झाली तुमची." जमीन अशीच घ्यायची असते.

पुढे टेक्सासात मेक्सिकोविरुद्ध बंड झालं. भावोजी इंग्रजी बोलणाऱ्यांच्या बाजूने लढले. शत्रू समजून आपल्याच बाजूच्यांनी गोळी घालू नये, म्हणून आमच्या स्पॅनिश बोलणाऱ्या माणसांनी टोपीत पुठ्ठ्याचे तुकडे खोचले होते. टेक्सास स्वतंत्र झालं. घरी आल्यावरही कितीतरी दिवस तो पुठ्ठा भावोजींच्या टोपीत होता.

दहा वर्षं जेमतेम गेली आणि टेक्सास अमेरिकेत गेलं. चौकात झेंडा बदलला, तो बघून भावोजी घरी आले.

"आता कुणाचं राज्य?" ताईने विचारलं.

"ज्यांच्यासाठी लढलो त्यांचंच."

"मग तोंड का उतरलंय?"



वर्षभरात हॅस्केट नावाचा माणूस मोजणीची साखळी घेऊन आला. ही जमीन आपण सरकारकडून विकत घेतली म्हणाला. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीशाने दुभाष्यामार्फत पुरावा मागितला.

"साहेब, मी गवत उपटलंय. गावाने पाहिलंय."

"गवत तर माझा बैलही उपटतो," हॅस्केट म्हणाला. सगळं कोर्ट हसलं.

पुढच्या तारखेला साक्षीदार आणा, असा हुकूम झाला. आणणार कुठून? प्रमुख वारले होते. बाकीचे धमक्यांना भिऊन नदीपलीकडे मेक्सिकोत गेलेले.

"जुने साक्षीदार नाहीत तर नवे करू," भावोजी म्हणाले.

ताई, मी आणि दोन शेजारी त्यांच्याबरोबर जमिनीवर गेलो. हॅस्केटची माणसं मोजणी करत होती. भावोजींनी टोपी काढली, क्रूसाची खूण केली, मूठभर गवत उपटलं. मग पूर्वेला दगड, उत्तरेला, दक्षिणेला. पश्चिमेचा दगड हॅस्केटच्या घोड्यापुढे पडला. घोडा बुजला, हॅस्केट खाली पडला.

त्याच्या माणसांनी भावोजींना बांधलं. "अहो, तो तुम्हाला नव्हता! पश्चिमेला होता!" भावोजी सांगत राहिले. आमची भाषा तिथे कुणाला कळणार?

तारीख आली तेव्हा भावोजी तुरुंगात. आम्ही चौघं साक्षीला उभे राहिलो. न्यायाधीश म्हणाला, "म्हणजे हल्ला तुम्हीही पाहिलात." जमीन हॅस्केटची झाली.

भावोजी सुटले ते खोकतच. शहरातल्या एका भाड्याच्या खोलीत त्यांनी अंथरूण धरलं.

"एदुविहेस, तिथलं मूठभर गवत आणशील?" एका सकाळी ते मला म्हणाले. "कुणाला दाखवायचं नाही. मला नुसतं हातात धरायचंय."

मी गेले. कुंपणातून हात घातला. हॅस्केटने कडेपर्यंत नांगर फिरवला होता. उपटायला एक काडीसुद्धा नव्हती. ओढ्याच्या पलीकडचं गवत उपटून नेता आलं असतं, पण मरणाऱ्या माणसाशी खोटं कसं बोलायचं? रिकाम्या हाताने परतले.

भावोजींनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी त्यांच्या मुठीत माझी जपमाळ ठेवली. ती त्यांनी धरली नाही.